काश्मीरहून नाशिक: परतीच्या चार रात्री आणि वरून आलेलं बिल

सोनचाफा_नाशिक | ५ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. १ तारखेला पहाटे घरी पोचलो. दोन दिवस अंथरुणातून उठवत नव्हतं. आता जरा डोकं ताळ्यावर आलंय तर सविस्तर लिहिते. लांबण लागेल, पण शेवटी एक प्रश्न आहे, तेवढं वाचा.

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं (मी, नवरा, नववीतली लेक आणि ७१ वर्षांच्या सासूबाई) एका टूर कंपनीबरोबर काश्मीरला गेलो. मुंबई ते मुंबई विमानासकट माणशी ४६ हजार. ग्रुप २८ जणांचा. २७ डिसेंबरपर्यंत सगळं सुरळीत होतं. त्या दिवशी गुलमर्गला असताना दुपारी बर्फ सुरू झाला, आधी सगळे आनंदाने नाचले. गुलमर्ग ते तंगमर्ग हे जेमतेम तेरा किलोमीटर उतरायला चार तास लागले.

२८ ला दुपारचं विमान होतं. श्रीनगर विमानतळाच्या बऱ्याच अलीकडे एक नाका लागतो, तिथेच सामान उतरवून तपासतात. आम्ही त्या रांगेत उभे असतानाच कळलं की आजची सगळी विमानं रद्द. जम्मूचा हायवेही बंद. टूर मॅनेजर म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, त्याने मुंबई ऑफिसला फोन लावला. पहिलं उत्तर आलं, "२ तारखेच्या आधी ग्रुपला जागा नाहीत." दुसरं उत्तर त्याने आम्हाला सांगितलं तेव्हा त्याचाच चेहरा उतरला होता: "पॅकेज २८ ला संपलं. पुढचा खर्च पाहुण्यांचा." त्यानंतर ऑफिसचा फोन वाजत राहिला, उचलला कोणी नाही.

हॉटेलवर परत आलो. वीज नाही, नळ गोठलेले. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मोजून आणल्या होत्या, २९ ला सकाळी शेवटची होती. हॉटेलात काम करणाऱ्या मुलाने ती रिकामी स्ट्रिप माझ्या हातातून घेतली, फेरनच्या (तिथला लांब झगा) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरली आणि बर्फात चालत गेला. दीड तासाने आला. कंपनी वेगळी, पण औषध तेच, आणि दुकानदाराने कागदावर लिहून दिलं होतं की हे त्याऐवजी चालेल. त्याचे बूट पार भिजले होते. गोळ्यांचे मोजून पैसे घेतले, वर एक रुपया घ्यायला तयार नाही. सासूबाईंनी आपले लोकरीचे मोजे काढून त्याला दिले, ते मात्र घेतले.

२९ ला हायवे अडकलेल्या गाड्यांसाठी उघडला. कंपनीने मेसेज पाठवला की जायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. तीन टेंपो ट्रॅव्हलर करून निघालो. मॅनेजर मुलगा आमच्याबरोबर आला, त्याला तसं सांगितलेलं नसताना. काझीगुंडपासून ट्रकची रांगच रांग. बनिहालचा नवा साडेआठ किलोमीटरचा बोगदा, मग रामबन, मग नाशरीचा बोगदा. रात्री अकराला जम्मू.

वाटलं, सुटलो. तर ३० तारखेला शेतकरी संघटनांचा पंजाब बंद! सकाळी ७ ते दुपारी ४. दीडशेहून जास्त गाड्या रद्द. आम्ही पंजाबच्या सीमेवर, लखनपूरला रावीच्या अलीकडे थांबलो. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड कार्ड चालत नाही, त्यामुळे इतके दिवस २८ जणांत मिळून सहा फोन चालू होते. तिथे पलीकडच्या माधोपूरच्या टॉवरची रेंज मिळाली आणि एकदम सगळ्या गाडीत फोन वाजायला लागले. माझ्या बहिणीचे एकट्या ४३ मेसेज होते. रस्त्याच्या कडेला बसून अकराच्या ठोक्याला स्लीपरचं तत्काळ काढलं. एका तिकिटावर चारच जण, म्हणून सात जण सात फोन घेऊन बसले. १९ जणांना दुसऱ्या दिवशीची मंगला एक्सप्रेस मिळाली, बाकीच्यांनी दिल्लीहून विमान केलं.

साडेचारला गाड्या सुटल्या, रात्रभर धुकं, ३१ ला पहाटे चारला निजामुद्दीन. मंगलाही धुक्यामुळे उशिरा. बऱ्हाणपूर मागे पडलं आणि बारा वाजले, डब्यात कोणीतरी "हॅपी न्यू इयर" म्हणालं, सासूबाई झोपेतच "हो हो" म्हणाल्या. पहाटे साडेचारला नाशिकरोड.

आणि काल कंपनीचा ईमेल: दोन जादा रात्रींचं हॉटेल आणि टेंपोचे माणशी ८,५००. म्हणजे आमचे चौघांचे ३४ हजार. रेल्वेचं तिकीट आम्हीच काढलं, ते वेगळंच. हे पैसे द्यावेत का? बर्फ कोणाच्या हातात नव्हता, मान्य. पण घरी परत आणणं हा सहलीचा भाग नाही का?

---

किन्नरी | ५ जानेवारी

बापरे! सासूबाई आता कशा आहेत?

---

सोनचाफा_नाशिक | ५ जानेवारी

ठणठणीत. सगळ्यात आधी त्याच सावरल्या. आजूबाजूच्या आठ घरी प्रवासवर्णन सांगून झालंय.

---

दादरकर_७१ | ५ जानेवारी

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. २१ डिसेंबरपासून तिथे चिल्लई कलान सुरू होतं, थंडीचे सगळ्यात कडक चाळीस दिवस. यंदा तर त्याच सुमारास श्रीनगरचा पारा उणे ८.५ पर्यंत उतरला होता. अशा वेळी ज्येष्ठांना घेऊन जायचं, परतीला एकही दिवस मोकळा ठेवायचा नाही, आणि मग कंपनीला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

---

सोनचाफा_नाशिक | ५ जानेवारी

दादा, राग नाही. पण जाहिरातीत पानभर बर्फाचा फोटो होता आणि वर "हमखास हिमवर्षाव" असं लिहिलं होतं. बर्फ विकायचा असेल तर बर्फाने रस्ता बंद होतो, हेही त्यांना आमच्याआधी माहीत असणार. मी बर्फाबद्दल तक्रार करतच नाहीये. फोन न उचलल्याबद्दल करतेय.

---

पाऊलवाट | ५ जानेवारी

सोनचाफा, शब्दन् शब्द पटला. +१

---

भटक्या_विमुक्त | ६ जानेवारी

मी अकरा वर्षं टूर मॅनेजर होतो, आता लाइन सोडली. दोन्ही बाजू सांगतो.

ग्रुपचं विमान तिकीट एकगठ्ठा काढलेलं असतं. विमान रद्द झालं की एअरलाइन पुढच्या विमानात उरलेल्या जागा देते, पण पुढचं विमान आधीच भरलेलं असतं. दोन जागा इथे, पाच तिथे अशा सुटतात. २८ माणसं एकत्र न्यायची तर खरंच चार-पाच दिवस जातात. म्हणून २ तारीख सांगितली ती थाप नसावी. अशा वेळी आम्ही ग्रुप फोडायचो: आधी आजारी, मग लहान मुलंवाले, मग ज्यांना नोकरीवर हजर व्हायचंय ते. लोक भांडायचे, पण निम्मे तरी घरी पोचायचे. तुमच्या ऑफिसने हे का केलं नाही, तर ते करायला कोणीतरी रात्रभर फोनवर बसावं लागतं. सुट्टीच्या आठवड्यात ऑफिसात माणूसच नसतो.

त्या मुलाबद्दल सांगतो. अशा वेळी मॅनेजरच्या खिशात फार तर दहा-पंधरा हजारांची रोकड असते आणि त्यातून २८ माणसांचं जेवण बघायचं असतं. २०१४ च्या सप्टेंबरात श्रीनगरला पूर आला तेव्हा मी लाल चौकाजवळच्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर ३४ पाहुण्यांना घेऊन बसलो होतो. खालचे मजले पाण्यात. चौथ्या दिवशी बोट आली. त्यात पहिल्यांदा कोणाला बसवायचं हे मला एकट्याला ठरवावं लागलं. तेव्हा मी २७ चा होतो. अजूनही कधीकधी रात्री ते चेहरे आठवतात. त्या मुलाचं नाव कंपनीला कळवून कौतुकाचं पत्र जरूर पाठवा. लेखी. त्याला त्याचा उपयोग होईल.

---

सोनचाफा_नाशिक | ६ जानेवारी

वाचून गलबलून आलं. पत्र आजच पाठवते, १९ जणांच्या सह्या घेऊन.

---

इंद्रायणीकाठ | ६ जानेवारी

झेलमने गेला असता तर... 🙂 आमच्या लहानपणी काश्मीर म्हणजे पुण्याहून झेलम, जम्मूतवीला उतरायचं, मग दिवसभर बस. दोन रात्री गाडीत. आई दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपापडी बांधून घ्यायची. कितीही उशीर झाला तरी भूक अशी लागली नाही कधी.

---

खवय्या_मिरजकर | ६ जानेवारी

दशम्यांवरून आठवलं, रामबनजवळ पीडा म्हणून गाव लागतं, तिथला राजमा-भात खाल्लात की नाही? वर साजूक तूप आणि अनारदाण्याची चटणी. रस्ता बंद असेल तर तिथेच बंद असावा अशी माझी देवाकडे प्रार्थना असते.

---

सोनचाफा_नाशिक | ६ जानेवारी

खाल्ला! संध्याकाळी सात वाजता, सकाळच्या चहानंतरचं पहिलं अन्न. लेकीने दोन ताटं संपवली. ती राजम्याला हात लावत नाही एरवी.

---

किन्नरी | ६ जानेवारी

मंडळी, राजमा बाजूला ठेवा, तिने पैशांचं विचारलंय.

---

कोल्हापूरचा_बाळू | ७ जानेवारी

पैशांचं कळत नाही, पण अनुभव सांगतो. गेल्या जूनमध्ये आम्ही लाचुंगला होतो, उत्तर सिक्कीम. १२-१३ जूनच्या पावसात मंगन जिल्ह्यातले रस्ते आणि पूल वाहून गेले, बाराशेच्या आसपास पर्यटक वर अडकले. १७ तारखेपासून बाहेर काढायला सुरुवात झाली. काही टप्पे गाडीने, काही पायी. एके ठिकाणी ओंडके टाकून केलेल्या पुलावरून दोराला धरून पलीकडे गेलो. बायकोची मोठी बॅग तिथेच सोडली. खाली पाणी असं गरजत होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

आमचा टूरवाला छोटा, गडहिंग्लजचा, एकटाच धंदा करतो. तो रोज सकाळी आणि संध्याकाळी आमच्या घरी फोन करून वडिलांना सांगायचा, "काका, आज एवढं कळलंय, एवढं कळलं नाही." बास. परत आल्यावर त्याने जादा दिवसांचे पैसे मागितले ते आम्ही मुकाट दिले, आणि यंदा त्याच्याबरोबरच अष्टविनायक केलं.

---

दादरकर_७१ | ७ जानेवारी

बाळू, हे वाचून माझं मत थोडं बदललं. पैसे मागणं एक आणि वाऱ्यावर सोडून मागणं वेगळं.

---

ऍडव्होकेट_रेवा | ७ जानेवारी

सोनचाफाताई, ३४ हजार भरण्याआधी कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: रद्द झालेल्या परतीच्या विमानाचा परतावा कोणाच्या खात्यात जमा झाला?

कारण असं आहे. हवामानासारख्या अपवादात्मक कारणाने विमान रद्द झालं तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नियमांप्रमाणे एअरलाइनला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. पण दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, यातलं एक द्यावंच लागतं. तुम्ही दुसरं विमान घेतलंच नाही, म्हणजे पैसे परत आले असणार. तिकीट कंपनीने काढलं, तर परतावाही कंपनीकडेच गेला. तुम्ही तो प्रवास केला नाही, त्याचे पैसे मात्र ४६ हजारांत भरलेत. त्या ईमेलमध्ये याचा उल्लेख आहे का?

नसेल तर मुद्दा मोठा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे, त्यात ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुंबईला खेपा घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

कागद जपा: मूळ बुकिंग, जाहिरात (फोटोसकट), "पॅकेज २८ ला संपलं" हा निरोप लेखी असेल तर तो, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, औषधाची चिठ्ठीसुद्धा.

---

सोनचाफा_नाशिक | ७ जानेवारी

रेवाताई, हे आमच्या २८ जणांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! ईमेलमध्ये परताव्याचं अक्षर नाही. उद्याच पत्र टाकते. निरोप फोनवरून होता, पण "स्वतःच्या जबाबदारीवर" हा मेसेज आहे.

---

भटक्या_विमुक्त | ७ जानेवारी

रेवा यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. ग्रुपच्या तिकिटाचा परतावा यायला वेळ लागतो, आणि आला की तो कंपनीच्या चालू हिशेबात मिसळून जातो. पाहुणे विचारत नाहीत.

---

टेम्सकाठी | ८ जानेवारी

लंडनहून लिहितेय. इथे आणि युरोपात याला सरळ नियम आहे. टाळता न येणाऱ्या कारणाने पॅकेजच्या प्रवाशाला परत आणता आलं नाही, तर राहण्याचा तीन रात्रींपर्यंतचा खर्च आयोजकाने करायचा. २०१५ च्या युरोपीय पॅकेज प्रवास निर्देशात आहे, ब्रिटनने २०१८ मध्ये तोच आपल्या नियमांत घेतला. गर्भवती स्त्रिया, एकटी मुलं, अपंग किंवा वैद्यकीय गरज असलेले प्रवासी यांना तीन रात्रींची ही मर्यादा लागू नाही, मात्र कंपनीला सहल सुरू होण्याच्या ४८ तास आधी कळवलेलं असावं लागतं.

एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचं आकाश बंद होतं, तेव्हा माझे आईबाबा सहलीसोबत पॅरिसला अडकले होते. सहा दिवस. आईला एका पंजाबी दुकानात हळद आणि मोहरी मिळाली. हॉटेलच्या किटलीत तिने वरण केलं!

---

खवय्या_मिरजकर | ८ जानेवारी

किटलीत वरण!! आईंना साष्टांग.

---

झेलमकाठचा_पाहुणा | ९ जानेवारी

मी नोकरीमुळे चार वर्षं श्रीनगरला आहे. एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच बर्फात सोनमर्गहून परतणारे पंजाबचे काही पर्यटक गुंड गावात अडकले. हॉटेल नाही, जवळच्या घरांत एवढ्यांना जागा नाही. गावकऱ्यांनी जामिया मशीद उघडून दिली, रात्रभर तिथे ठेवलं, कारण तिथे हमाम होता, म्हणजे खालून जाळ घालून तापवलेली फरशी. हायवेवर तर दोनेक हजार गाड्या अडकल्या होत्या, तिथेही लोकांनी घरं उघडली. सोनचाफाताईंच्या हॉटेलातला मुलगा एकटा नाही.

आणि कृपा करून काश्मीरला येताना पोस्टपेड कार्ड आणा. घरात एक जरी असेल तरी पुरे.

---

पाऊलवाट | ९ जानेवारी

यावरून माझी यादी, वाचकांसाठी: पोस्टपेड फोन, औषधं पाच दिवस जास्तीची, डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नको, बाहेरगावी दुसऱ्या कंपनीचं मिळतं), थोडी रोकड, आणि मेतकूट-तांदळाची एक पुडी. मेतकूट कुठेही भातावर चालतं.

---

ऍडव्होकेट_रेवा | ९ जानेवारी

यादीत प्रवास विमाही घाला, पण घेताना "विमान रद्द" आणि "मुक्काम वाढणे" यांचं कलम वाचून घ्या.

---

सोनचाफा_नाशिक | १८ फेब्रुवारी २०२५

मंडळी, निकाल लागला.

पहिल्या पत्राला उत्तर नाही. १९१५ वर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक घालून दुसरं पत्र टाकलं. मग अकाउंट्समधून फोन आला. परतावा जमा झाला होता, माणशी ९,२००. त्यांनी मागितलेले ८,५०० त्यातून वजा झाले आणि उरलेले माणशी ७०० आमच्या खात्यावर आले. सगळ्या २८ जणांचं असंच झालं. ज्या चार कुटुंबांनी भीतीने आधीच ८,५०० भरले होते, त्यांना तेही परत मिळाले.

रेल्वेच्या पैशांसाठी मी पुढे भांडले नाही. पण रात्री फोन उचलणारा माणूस ठेवा, हे पत्रात लिहिलं, आणि त्यावर लेखी उत्तर हवं असंही. ते अजून आलेलं नाही. मी दर महिन्याच्या १ तारखेला आठवण पाठवते.

मॅनेजर मुलाला पत्र पोचलं. त्याचा फोन आला होता. सासूबाईंशीच जास्त बोलला.

---

दादरकर_७१ | १८ फेब्रुवारी

मनापासून अभिनंदन. माझे पहिले शब्द मागे घेतो.

---

कोल्हापूरचा_बाळू | १९ फेब्रुवारी

१ तारखेच्या आठवणीवर आमच्याकडून डबल लाइक ताई.

---

नवखी_प्रवासी | २ डिसेंबर २०२५

जुना धागा वर काढतेय. आम्ही या नाताळात आईवडिलांना घेऊन जातोय, बुकिंग झालंय. आता कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे, तर विमान रद्द झालं तर तिने येता येईल का?

---

झेलमकाठचा_पाहुणा | २ डिसेंबर

हो. जून २०२५ पासून वंदे भारत चालू आहे, साधारण तीन तासांत कटरा. नदीपासून ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल त्याच मार्गावर. पण विमानं बंद पडली की सगळं श्रीनगर त्या गाडीकडे धावतं. त्यामुळे हवामान खात्याचा इशारा आला की विमान रद्द होण्याची वाट न बघता परतीच्या दिवसाचं तिकीट काढून ठेवा. लागलं नाही तर रद्द करा, थोडे पैसे जातील.

---

सोनचाफा_नाशिक | ३ डिसेंबर

आणि कंपनीला आत्ताच ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा: विमान रद्द झालं तर परताव्याचा हिशेब किती दिवसांत देणार, जादा रात्रींचा खर्च कोणाचा, आणि रात्री कोणाचा फोन लागेल. उत्तर आलं की इथे टाका, आम्ही वाचतो.

आईबाबांची औषधं मात्र आजच मोजा. आणि श्रीनगरला कोणत्या भागात उतरताय? राजबागजवळ असाल तर सासूबाईंना एक पुडकं पाठवायचंय, हॉटेलातल्या त्या मुलासाठी. विणून ठेवलंय.

---

नवखी_प्रवासी | ३ डिसेंबर

राजबागच आहे ताई. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, नक्की नेऊ.

---

सोनचाफा_नाशिक | ३ डिसेंबर

सासूबाई विचारतायत, त्याच्या पायाचा नंबर आता वाढला असेल का.